जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल प्रेशर का बसतं?

ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की जुन्या ट्रॅक्टरचा मालक थेट इंजिनकामाच्या खर्चाचा हिशेब मांडू लागतो. इंजिन खोलावं लागेलही, पण ते सगळ्यात शेवटी.

उदाहरण घेऊ परकिन्सच्या एडी ३.१५२ या इंजिनाचं. तीन सिलिंडर, १५२ घनइंच, म्हणजे सुमारे अडीच लिटर. मॅसी फर्ग्युसन १३५ ला हेच इंजिन होतं. चेन्नईच्या सिम्पसन कंपनीने परकिन्सच्या परवान्यावर इंजिनं बनवली, त्यामुळे त्या घराण्याची इंजिनं आपल्या शेतांत अजून राबताहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. पंप नुसतं तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते तेलाला पुढे वाट अरुंद मिळते म्हणून. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर असते. ती झिजून वाढली की तेल अडत नाही, लगेच निसटतं. ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या की मोटार तीच असून शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून शोधायचं ते एवढंच: पंपाला तेल कमी मिळतंय, तेल पातळ झालंय, की ते नको तिथून निसटतंय?

सुरुवात डिपस्टिकपासून. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन पातळी बघा. कमी असेल तर उत्तर समोरच आहे. पण पातळी न भरता वाढलेली दिसली तर जास्त सावध व्हा, कारण इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. पाण्याने तेल दुधाळ होतं. डिझेल मिसळलं तर त्याचा वास येतो आणि तेल बोटांवर चिकट लागत नाही. या इंजिनाचा फीड पंप कॅमशाफ्टवर चालतो. त्याचा पडदा फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये जातं. रोटरी डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तरी तेच होतं. पडद्याची किंमत किरकोळ, पण पातळ तेलावर चार दिवस नांगरणी केली तर बेअरिंगं जातात.

तेल ठीक असेल तर डॅशबोर्डवरच्या मीटरवर विसंबू नका. त्याची नळी काढून त्याच जागी खात्रीचा गेज लावा. ट्रॅक्टर कामाला जुंपून इंजिन नीट तापवा आणि मगच आकडा घ्या. थंड इंजिनात तेल घट्ट असल्याने दुखणं झाकलं जातं. या इंजिनाला तापल्यावर, पूर्ण वेगाला ३० ते ६० पीएसआय हवं. आयडलला ते बरंच उतरतं, त्यात काही वावगं नाही. कित्येकदा नवा गेज चांगला आकडा दाखवतो आणि बिघडलेलं असतं ते मीटर.

आकडा खरोखर कमी असेल तर तो कसा कमी आहे ते बघा. थंड असताना उत्तम आणि तापल्यावर घसरत जाणारं प्रेशर, तेलाचा ग्रेड बरोबर असूनही, बहुधा बेअरिंगच्या झिजेकडे बोट दाखवतं. थंडपणीही कमीच असेल तर संशय पंपावर, जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवर किंवा सक्शनच्या जाळीवर. काटा थरथरत असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढत असावा: पातळी कमी, किंवा सक्शन पाइपचा जोड सैल.

चेंबर उतरवण्याआधी जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चमकणारा चुरा दिसला तर त्यावर चुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारे तांबूस-पिवळे कण म्हणजे बहुधा बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला धातू उघडा पडला आहे. मग मात्र ट्रॅक्टर चालवू नका.

ही पायरी आधी घेण्याचं कारण आहे. या ट्रॅक्टरचं चेंबर ओतीव लोखंडाचं असतं आणि पुढच्या एक्सलचा भार त्यावर येतो. ते उतरवायचं तर टेकू देऊन पुढचा भाग वेगळा करावा लागतो. रिलीफ व्हॉल्व्हही आत, पंपापाशीच. म्हणून एकदा उघडलंत की जाळीवरचा गाळ, व्हॉल्व्हची अडकलेली गोटी वा पिस्टन, पंपाच्या रोटरची झीज आणि बेअरिंगं, सगळं एकाच खेपेत तपासून घ्या. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या. नुसतं नवं बेअरिंग झिजलेल्या क्रँकवर बसवणं म्हणजे पैसे वाया.

एक जुगाड इथे नेहमी सुचवला जातो: रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालायचा. याला ठाम नकार द्या. व्हॉल्व्ह अडकलेला नसेल तर प्रेशर कमी असताना तो बंदच असतो; स्प्रिंग कडक केल्याने झिजलेली फट भरत नाही. स्प्रिंगच थकली असेल तर नवी घाला.

जोडणी करताना पंप तेलाने भरून बसवा. पहिल्यांदा स्टॉप ओढून धरा आणि काटा हलेपर्यंत थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा. मग चालू करा, तापवा, पुन्हा आकडा घ्या आणि तो तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागेल.