कुठले श्रेयांक पुढे चालतात?

नागझिऱ्याच्या आसपास, चोरखमाऱ्यापासून तिरोडा-गोरेगावपर्यंतच्या गावांत, बारावीनंतर रोज कॉलेज गाठणं सगळ्यांना जमत नाही. अभयारण्याच्या गेटवर गाईड असलेल्या मुलाची सकाळ जिप्सीत जाते, उन्हाळ्यात घरचे तेंदूपत्त्याला जातात, पावसाळ्यात धानाची रोवणी असते. अशा घरांसाठी दूरशिक्षण हाच शिकण्याचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर कुणी बिनमान्यतेचा अभ्यासक्रम विकतो तेव्हा राग येतो, कारण फसवणूक कळते ती थेट एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी.

‘श्रेयांक मिळाले की ते कुठेही नेता येतात,’ हा सगळ्यात पसरलेला समज. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, एवढं खरं. पण तो अभ्यास कुणी तपासला आणि त्या तपासणाऱ्याला तसा अधिकार आहे का, यावर श्रेयांकाची किंमत ठरते. जुलै २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. तिच्यात खातं विद्यार्थ्याचं असतं, श्रेयांक मात्र नोंदणी झालेली संस्थाच जमा करते. आपल्या हातातली गुणपत्रिका आपणच तिथे भरू शकत नाही. जमा झालेले श्रेयांकही जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. बिनमान्यतेच्या संस्थेला या बँकेत जागाच नाही, मग तिच्याकडून काही पुढे न्यायचा प्रश्नच उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट एजंट सांगत नाहीत. पदव्युत्तर प्रवेशाला पदवी लागते, सुटे श्रेयांक नव्हे. बी.ए.चे श्रेयांक एम.ए.त धरले जात नाहीत, मग ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे असोत की नागपूर विद्यापीठाचे. तेव्हा ‘आमचा डिप्लोमा करा, एम.ए.चं एक वर्ष वाचेल’ असं कुणी म्हणालं, तर कुठलं विद्यापीठ ते वर्ष सोडतं हे त्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून मागा.

दुसरा समज कागदांचा. भिंतीवर आयएसओचं प्रमाणपत्र असतं, ट्रस्टची नोंदणी असते, उद्योग नोंदणीचा क्रमांक असतो. यांतलं एकही पदवी द्यायचा अधिकार देत नाही. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२नुसार पदवी देता येते ती केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेला. आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, आणि तिच्यात नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं नाव कित्येक वर्षं आहे.

आणि कायदा असला तरी तो टिकावा लागतो. हे आपल्या शेजारीच घडलं. गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडने २००२मध्ये खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि बघता बघता ११२ विद्यापीठांच्या अधिसूचना निघाल्या. कित्येकांकडे वर्ग नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं संपली. शिकत असलेल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून संस्थांना राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न करण्याची वाट न्यायालयाने ठेवली, पण मधला काळ मुलांनी कसा काढला असेल याचा विचार व्हायला हवा.

‘विद्यापीठ खरं आहे ना, मग झालं,’ हेही पुरेसं नाही. दूरशिक्षणाची मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक वर्षांसाठी मिळते. नोव्हेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल दिला. विद्यापीठं खरी होती, त्या अभ्यासक्रमांना परवानगी नव्हती. मागाहून दिलेली मंजुरी न्यायालयाने बेकायदा ठरवली. २००१ ते २००५ या सत्रांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. ‘मान्यता प्रोसेसमध्ये आहे’ या वाक्यावर पैसे भरू नयेत, ते याचसाठी. पीएच.डी. तर दूरशिक्षणाने होतच नाही.

या भीतीपोटी दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत. मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम, तिच्यावर पुढे प्रवेश नाही, असं त्यांना वाटतं. हे साफ चूक आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९च्या राज्य कायद्याने उभं आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेली मुलगी विषयाच्या अटी पूर्ण करत असेल तर नागपूर विद्यापीठात एम.ए.ला अर्ज करू शकते. स्थलांतर प्रमाणपत्र तेवढं वेळेत काढावं, प्रवेश तिथेही अडू शकतो.

केंद्र सरकारच्या स्वयम्‌ या ऑनलाइन पोर्टलवरच्या अभ्यासक्रमांबद्दलही गोंधळ आहे. तिथले श्रेयांक खरंच धरले जातात, एका सत्रातल्या ४० टक्के अभ्यासक्रमांपर्यंत. पण आपल्या विद्यापीठाची संमती आधी हवी आणि शेवटची परीक्षा द्यायला हवी. नुसते व्हिडिओ पाहून श्रेयांक मिळत नाहीत.

प्रवेशाआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात का ते पाहा. २०२४पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडीही काढावा लागतो. तो न मागता प्रवेश पक्का करणाऱ्याकडे फिरकू नका, आणि फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा, कुणाच्या मोबाईल नंबरवर नाही. आधीच अडकलेल्यांनी पावत्या, माहितीपत्रक आणि मेसेज जपून ठेवून पोलिसांत तक्रार द्यावी, आणि पुढच्या सत्राला मान्यताप्राप्त पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरावा. जुने श्रेयांक तिथे येणार नाहीत, पण वाचलेलं पुस्तक दुसऱ्यांदा सोपं जातं.