जुना फ्रिज, जुना एसी भंगारात देण्याआधी



नवा फ्रिज घरात आला की जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं, भंगारवाल्याला हाक मारायची. चार पैसे मिळतात, जागा मोकळी होते. पण फ्रिज आणि एसी म्हणजे नुसतं लोखंड-तांबं नव्हे. त्यांच्या नळ्यांत गॅस कोंडलेला असतो.

हातावर सॅनिटायझर घेतलं की ते उडून जाताना तळवा गार लागतो. फ्रिजमध्येही हेच घडतं. नळीतला द्रव आतली उष्णता घेऊन वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो मागच्या जाळीत उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. या फेऱ्यांत गॅस खर्च होत नाही. (मेकॅनिक "गॅस संपला" म्हणतो तेव्हा तो कुठूनतरी गळालेला असतो!) म्हणून पंधरा वर्षं वापरलेल्या यंत्रातही तो शिल्लक असू शकतो. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि फुस्सकन सगळा गॅस हवेत जातो. मी त्याला दोष देणार नाही. तांब्याला भाव आहे, गॅसचे त्याला कोण पैसे देतं?

हा गॅस कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. फार जुन्या फ्रिजमधला आर-१२ ओझोनच्या थराला मारक. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनला घातक तर आहेच, शिवाय त्याचा एक किलो हवेत सुटला तर साधारण १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो, त्याचा आकडा ६७५ च्या आसपास. नव्या फ्रिजमध्ये बऱ्याचदा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. हा आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद, थोडा असला तरी पेट घेतो. बंद खोलीत नळी कापणं म्हणूनच धोक्याचं. गॅसचं नाव आणि वजन यंत्रावरच्या पट्टीवर छापलेलं असतं. ग्रॅम-किलो शिकवताना मुलांना घरची पट्टी वाचून यायला सांगा.

स्प्लिट एसी काढताना तंत्रज्ञाला "आधी पंप डाउन करा" असं स्पष्ट सांगायचं. म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात, व्हॉल्व्ह बंद करतात, मग नळ्या सोडतात. यासाठी कॉम्प्रेसर चालू हवा. तो बंद पडला असेल तर गॅस काढून घेणारं वेगळं मशीन लागतं. कव्हर मात्र आपण उघडू नये, वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका भार राहतो.

आता नियम. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन सगळं त्यात येतं. मुख्य जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे, घरगुती ग्राहकाला कुठलीही नोंदणी करावी लागत नाही. मोठा ग्राहक कोण, तर वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था. आपल्या शाळा त्यात सहसा बसत नाहीत. आपण एवढं करू शकतो की कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ई-कचरा कुठे जमा करायचा ते विचारायचं, किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण केंद्राला द्यायचं आणि पावती घ्यायची. एक्स्चेंजमध्ये देत असाल तर दुकानदाराला विचारा, पुढे कुणाला देता? पुष्कळदा तो त्याच भंगारवाल्याकडे जातो.

आणि गाडी येईपर्यंत? शिक्षक म्हणून मला गॅसपेक्षा फ्रिजच्या दाराची धास्ती जास्त वाटते. अंगणात, जिन्याखाली, शाळेच्या व्हरांड्यात रिकामा फ्रिज दिसला की लपाछपी खेळणाऱ्या पोराला ती भारी जागा वाटते. दार बसलं की आत हवा मोजकीच, आणि जाड भिंतींमुळे आवाज बाहेर येत नाही. जुन्या खटकीच्या दारांना तर आतून उघडायची सोयच नसते. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेत १९५६ मध्ये फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे, असा कायदा झाला. तेव्हा फ्रिज बंद केला त्याच दिवशी बिजागरीचे स्क्रू काढून दार वेगळं करा. आतल्या जाळ्या तशाच राहू द्या, म्हणजे मूल आत शिरू शकणार नाही. दार निघतच नसेल तर फ्रिजचं तोंड भिंतीला टेकवून ठेवा आणि भोवती दोरी घट्ट आवळा.