पोलादी चिलखते : कारागिरी, गुणवत्ता आणि बाजारपेठ

भारतातून निर्यात होणाऱ्या धातूच्या हस्तकला वस्तूंमध्ये एक वस्तू अशी आहे की, तिचा भारताच्या स्वतःच्या इतिहासाशी फारसा संबंध नाही. ती म्हणजे मध्ययुगीन युरोपीय सरदारांच्या पोलादी चिलखतांच्या प्रतिकृती. उत्तराखंडातील देहरादून हे या उत्पादनाचे परिचित केंद्र होय. १९४३ मध्ये तेथे स्थापन झालेली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी मुळात गुरखा सैनिकांच्या खुकऱ्या बनवीत असे. पुढे ती तलवारी, शिरस्त्राणे आणि चिलखते बनवून अमेरिका व युरोपात पाठवू लागली. या मालाचे ग्राहक दोन प्रकारचे आहेत. एक वर्ग दिवाणखान्याच्या किंवा हॉटेलच्या शोभेसाठी चिलखत घेतो. दुसरा वर्ग ते अंगावर चढवून खरोखर लढतो. छायाचित्रात दोघांची चिलखते सारखीच दिसतात. किमतींत मात्र अनेक पटींचे अंतर असते. हे अंतर कशामुळे पडते, याचे उत्तर पाचशे वर्षांपूर्वीच्या मिलान, ऑग्सबर्ग आणि न्युरेंबर्ग येथील कारखान्यांत सापडते.

भारत, इराण आणि तुर्कस्तानात चिलखत प्रामुख्याने लोखंडी कड्यांचे असे. त्याला जागोजागी पट्ट्या जोडल्या की जिरेबख्तर होई. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार स्वतंत्र पत्रे बांधले की त्यास चारआइना म्हणत. उष्ण हवामान आणि घोड्यावरून तीर मारण्याची पद्धत यांना ते सोयीचे होते. युरोपात मात्र चौदाव्या शतकात कड्यांवर पोलादी पत्रे वाढत गेले आणि १४२० च्या सुमारास डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत शरीर झाकणारे संपूर्ण पत्र्याचे चिलखत सिद्ध झाले.

असा सरदार इतका जड होई की त्याला यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे, ही समजूत चित्रपटांनी रूढ केली आहे. ती चुकीची आहे. रणांगणावरील चिलखताचे वजन साधारणतः २० ते २५ किलो असे आणि ते सर्व शरीरावर विभागलेले असे. ते घालून माणूस स्वतः घोड्यावर चढू शके. तथापि त्याची किंमत शरीराला मोजावी लागे. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चिलखतांच्या प्रतिकृती घातलेल्या व्यक्तींना चालत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा श्वसनवायू मोजला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार चालण्यासाठी लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक आणि धावण्यासाठी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. पाठीवर तेवढेच ओझे घेतल्यास इतका ताण येत नाही. येथे फरक पडला तो पायांवरील पत्र्यांमुळे. प्रत्येक पावलागणिक ते वजन उचलून पुढे न्यावे लागते.

म्हणूनच कारागिराचा खरा प्रश्न ग्रॅमचा होता. पत्रा जाड केला की संरक्षण वाढते, पण हालचाल खुंटते. जुन्या कारागिराने यावर दोन उपाय योजले होते आणि दोन्ही उपाय पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिला उपाय जाडीच्या वाटपाचा. जेथे भाल्याचा आघात बसण्याची शक्यता अधिक, त्या छातीच्या मध्यभागी पत्रा दोन-अडीच मिलिमीटर किंवा अधिक, आणि कडेला तसेच हातापायांवर तो एक मिलिमीटरच्या आसपास. हे साध्य करण्यासाठी कारागीर पत्रा खोलगट साच्यावर ठोकून फुगवी, लोखंडी खुंटीवर उलटा धरून बाहेरून ठोके देत त्याला उंची आणी, मधूनमधून तापवून मऊ करी आणि शेवटी हलक्या हातोड्याने पृष्ठभाग सारखा करी. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर होणारे मठारकाम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही. तेथेही ठोक्यांनी केवळ नक्षी उमटत नाही, तर धातू घट्ट होतो. आज कारखान्यात लाटून निघणारा पत्रा सर्वत्र सारख्याच जाडीचा असतो. त्यापासून यंत्रावर दाबून काढलेले उरस्त्राण आकाराने हुबेहूब असूनही एक तर मध्यभागी पातळ राहते किंवा कडेला अकारण जड होते.

दुसरा उपाय पोलादाच्या अंतर्रचनेचा होता. त्याचे ज्ञान अलीकडचे आहे. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ अॅलन विल्यम्स यांनी संग्रहालयांतील शेकडो चिलखतांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यातून असे दिसले की, पंधराव्या शतकात मिलानचे उत्तम कारागीर कर्बयुक्त पोलाद वापरीत आणि त्याला ‘पाणी देत’, म्हणजे लाल तापवून वेगाने थंड करीत. अशा रीतीने कठीण केलेले पोलाद साध्या लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट कठीण होऊ शकते. त्यामुळे कमी जाडीत तेवढेच संरक्षण मिळते. परंतु पाणी फार चढले तर पत्रा काचेसारखा तडकतो, कमी चढले तर सर्व श्रम वाया जातात. तापमापक नसताना हा निर्णय धातूच्या रंगावरून घ्यावा लागे.

सोळाव्या शतकात मिलानच्या कारागिरांनी ही पद्धत बव्हंशी सोडून दिली, ही बाब अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक वाटेल. ग्राहकाला आता सोन्याचा मुलामा हवा होता. सोने आणि पारा यांचे मिश्रण लावून पत्रा तापवला की पारा उडून जाई आणि सोने चिकटून राही. पण त्याच उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरत असे. डोळ्यांना दिसणारा गुण आणि न दिसणारा गुण यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा बाजाराने दिसणारा गुण निवडला. ऑग्सबर्ग आणि इन्सब्रुक येथील निवडक कारखान्यांनी मात्र कठीणपणा राखून मुलामा देण्याची युक्ती साधली होती.

ही युक्ती कागदावर उतरवून दुसरीकडे नेता येत नव्हती, याचा पुरावा इंग्लंडमध्ये मिळतो. आठव्या हेन्रीने १५११ च्या सुमारास ग्रीनिच येथे राजाश्रयाने चिलखतांचा कारखाना उभारला आणि परदेशी, विशेषतः जर्मन, कारागीर पगारावर ठेवले. आकार आणि सजावट यांत तेथील काम लवकरच उत्कृष्ट झाले. तथापि पोलादाला नियमितपणे योग्य पाणी देणे जमण्यास तेथे काही दशके लागली. कारागीर आले, हत्यारे आली, राजाचा पैसाही होता. पण माती, कोळसा, लोखंड आणि हाताचा अंदाज यांचे गणित नव्या जागी पुन्हा बसवावे लागले. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये ज्या ‘अव्यक्त ज्ञाना’ची मांडणी केली, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

न दिसणाऱ्या गुणाचा बाजार

विक्रेत्याला मालाचा खरा गुण ठाऊक आहे, ग्राहकाला नाही, अशा स्थितीत चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चिलखताच्या व्यापाऱ्यांना ही अडचण सातशे वर्षांपूर्वीच भेडसावत होती. लंडनमध्ये १३२२ च्या नियमांत जुनी, मोडकी शिरस्त्राणे नवे कापड चढवून विकली जात असल्याची तक्रार आहे. त्यावर उपाय असा की, शिरस्त्राण कापडाने मढवण्यापूर्वी ते नेमलेल्या चार जाणकारांना उघडे दाखवावे.

न्युरेंबर्गने हीच व्यवस्था अधिक काटेकोर केली. तेथे १३४९ नंतर नगरपरिषदेने कारागिरांचे स्वतंत्र संघ मोडून काढले आणि व्यवसायांवर स्वतःची देखरेख बसवली. उस्ताद होऊ इच्छिणाऱ्याला परीक्षेचा नमुना करून दाखवावा लागे. तपासणीत उतरलेल्या मालावर शहराचा छाप बसे. ऑग्सबर्गचा छाप पाइन वृक्षाच्या फळाचा होता. आज संग्रहालयात एखाद्या पत्र्याच्या कोपऱ्यात दिसणारी ही नखाएवढी खूण खरे तर त्या शहराची पत होती. न्युरेंबर्गचा मोठा भर सैन्याला लागणाऱ्या स्वस्त, ठोक मालावर होता आणि त्यातील पुष्कळसा माल पाणी न दिलेल्या साध्या लोखंडाचाच होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. छापाने किमान दर्जाची हमी मिळे, सर्वोत्तम दर्जाची नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सुरू केलेली आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली सोन्याची हॉलमार्क योजना याच तत्त्वावर चालते.

उत्पादनाचा आवाकाही लहान नव्हता. १४२७ मधील माक्लोदिओच्या लढाईनंतर मिलानच्या दोन कारखान्यांनी थोड्याच दिवसांत ४,००० घोडेस्वार आणि २,००० पायदळ यांना पुरेल इतके चिलखती साहित्य पुरवले, असा उल्लेख इतिहासग्रंथांत आढळतो. श्रमविभागणीशिवाय हे शक्य नाही. ठोकणारे वेगळे, पाणचक्कीवर जिल्हई करणारे वेगळे, बिजागऱ्या व बकले बनवणारे वेगळे, आम्लाने नक्षी कोरणारे वेगळे. या शेवटच्या गटाकडून युरोपच्या मुद्रणकलेला अनपेक्षित लाभ झाला. ऑग्सबर्गचा डॅनिएल हॉप्फर हा चिलखतावर आम्लाने नक्षी काढण्याचे तंत्र छपाईच्या लोखंडी पत्र्यांवर वापरणाऱ्या पहिल्या कलावंतांपैकी एक होता.

बंदुकीचा प्रसार झाल्यावर ग्राहकाची शंका आणखी वाढली. तेव्हा कारागीर तयार उरस्त्राणावर पिस्तुलाची किंवा बंदुकीची गोळी झाडून दाखवी आणि पडलेला खळगा तसाच ठेवी. तो खळगा हेच प्रमाणपत्र. पण गोळी थांबवणारा पत्रा इतका जड होऊ लागला की, सैनिकांनी आधी पायांवरचे आणि मग हातांवरचे पत्रे टाकून दिले. सैन्ये मोठी होत गेली, दरडोई खर्च परवडेना, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रीनिचचा कारखाना बंद झाला. मागणीबरोबर उस्ताद-शागीर्द ही साखळीही तुटली.

तुटलेली साखळी पुन्हा जोडताना

वस्तू उरल्या, पण त्या करणारे हात उरले नाहीत. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शस्त्रागारात सुमारे ३२,००० वस्तू आजही आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९१२ मध्ये शस्त्रविभाग स्थापन करणारे बॅशफर्ड डीन यांनी पहिल्या महायुद्धात संग्रहालयाच्या चिलखत-कारागिराला हाताशी धरून अमेरिकी सैन्यासाठी शिरस्त्राणांचे नमुने तयार केले. १५२० मध्ये आठव्या हेन्रीसाठी बनवलेल्या, पायी द्वंद्वासाठीच्या चिलखतात सांध्यांवर कोठेही फट नाही. १९६० च्या दशकात अवकाशवीरांच्या पोशाखाचा विचार करणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी त्याचा अभ्यास केला होता.

मागणी मात्र हौशी लोकांकडून परत आली. अमेरिकेत १९६६ पासून मध्ययुगीन द्वंद्वांची पुनर्रचना करणाऱ्या मंडळींची संस्था उभी राहिली. पुढे चिलखत घालून बोथट पोलादी शस्त्रांनी लढण्याचा खेळ रुजला. त्याची ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१० मध्ये युक्रेनमधील खोतिन येथे झाली. या खेळाडूंच्या गरजेतून नवे कारागीर तयार झाले. ते संग्रहालयांत जाऊन जुन्या पत्र्यांची जाडी ठिकठिकाणी मोजतात, आतल्या बाजूचे हातोड्याचे ठसे वाचतात, रिव्हेटसाठी पाडलेल्या लांबट छिद्रांची मापे घेतात. आतली बाजू ते विशेष बारकाईने पाहतात, कारण बाहेरची बाजू जिल्हईने पुसली गेलेली असते. या कामात संशोधन आणि उत्पादन वेगळे काढता येत नाही. कोपराचा सांधा अडकला की कारागीर पुन्हा मूळ वस्तूकडे वळतो.

भारतीय कारखान्यांची अडचण नेमकी येथे आहे. कुशल हात आणि कमी मजुरी यांच्या बळावर त्यांनी बाह्य आकाराची बाजारपेठ मिळवली. परंतु शोभेच्या मालात बहुधा एकसारख्या जाडीचा सौम्य पोलादी पत्रा वापरला जातो. त्यात कर्ब इतका कमी असतो की पाणी देऊनही तो पुरेसा कठीण होत नाही. लढणारा ग्राहक पत्र्याची जाडी, पोलादाचा प्रकार आणि उष्णतासंस्कार या तीन गोष्टी विचारतो. त्यांची खात्रीलायक उत्तरे देणाऱ्या युरोपीय कारागिराला तो चढी किंमत देतो आणि प्रसंगी दीर्घकाळ वाट पाहतो. भौगोलिक निर्देशांकाचा मार्ग येथे उपयोगी पडत नाही. १९९९ चा आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आलेला तो कायदा स्थानाशी निगडित परंपरेला संरक्षण देतो. उदयपूरच्या कोफ्तगिरीला २०२३ मध्ये अशी नोंदणी मिळाली. मिलानच्या धर्तीचे उरस्त्राण देहरादूनची परंपरा ठरू शकत नाही.

भारतीय चिलखतांच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या नावाचे चिलखत आहे. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयातील, १६०० च्या सुमाराचे भारतीय हत्तीचे चिलखत ५,८४० पत्र्यांचे असून त्याचे वजन ११८ किलो भरते. मूळचे सर्व, म्हणजे ८,४३९ पत्रे असते तर ते १५९ किलो झाले असते. अशा वस्तूंची जाडी, कड्यांचे व्यास आणि धातूची रचना मोजून ती नोंद कारागिरांच्या हाती पडली, तर प्रतिकृतीचा हा व्यवसाय परक्या आकारांपुरता मर्यादित राहणार नाही.

गुणवत्तेची खूण उमटवण्याचे साधन तर हाताशी आहे. रॉकवेल कठीणता चाचणीचे यंत्र देशातील टूल रूम आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास आढळते. एका चाचणीस मिनिटभरही लागत नाही. यंत्राचे टोक पत्र्यावर दाबले जाते आणि आकडा दाखवून मागे सरकते, तेव्हा पोलादावर एक बारीक खळगा उरतो.