ब्रेक विकायचा कसा?

बगचा नंबर आता आठवत नाही, मजकूर मात्र पाठ आहे. ‘ब्रेक लेव्हल 3 लावल्यावर गाडी थांबत नाही.’ तो मीच लिहिला होता.

बाणेरमध्ये एका टपरीच्या डोक्यावर आमचा स्टुडिओ होता. दुपारी साडेतीनला खालून आल्याचा वास यायचा आणि अर्धी टीम जिन्याकडे पळायची. आम्ही मोबाइलवरचा कार रेसिंग गेम करत होतो. मी क्यूएला, म्हणजे दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका नोंदवायच्या. हे सांगितलं की नातेवाइकांना वाटायचं, पोराला खेळायचा पगार मिळतो. एकच वळण दिवसातून तीनशे वेळा घेऊन बघा म्हणावं.

गेममध्ये गाडी सुधारायचं एक दुकान होतं. इंजिन, टर्बो, टायर, सस्पेन्शन, ब्रेक, आणि प्रत्येकाच्या तीन लेव्हल. लेव्हल 3 चा ब्रेक चांगलाच महाग. तेवढी नाणी जमवायला रेसमागून रेस खेळाव्या लागायच्या. आणि तो लावला की गाडी वळणाआधी चाकं जाम करून, सरळ घसरत जाऊन कठड्यावर आदळायची. मूळचा स्वस्त ब्रेक लावला की तीच गाडी, त्याच वळणावर, शहाण्यासारखी थांबायची. प्रोड्यूसरने माझं बगचं तिकीट वाचलं आणि विचारलं, “तू उलटं तर नाही ना लिहिलंस?”

उलटं नव्हतं. मोबाइलच्या काचेवर ब्रेकचं बटण दाबलेलं तरी असतं नाहीतर सोडलेलं. अर्धा दाब नावाची गोष्टच नाही. लेव्हल 3 मध्ये ब्रेकचा जोर दीडपट केलेला. बोट टेकलं की पूर्ण जोर, आणि चाक जागच्या जागी जाम. जाम झालेल्या टायरची पकड फिरत्या टायरपेक्षा कमी असते, आणि पुढची चाकं जाम झाल्यावर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. म्हणजे फिजिक्स बरोबर होतं. चुकलं होतं ते दुकान.

आमच्याकडे हँडलिंग बघणारा मुलगा साताऱ्याचा. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. तो कधी आवाज चढवायचा नाही, पण त्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाला, “ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो टायर. हे माझ्या वडिलांना कळतं, आपल्या स्प्रेडशीटला कळत नाही.”

मग त्याने फळ्यावर एक गणित मांडलं. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक 1 धरा, म्हणजे चांगला टायर आणि कोरडा डांबरी रस्ता. ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबायला साधारण 39 मीटर लागतात. चाक जाम करण्याइतका जोर ब्रेकमध्ये असला, की त्यापुढे डिस्क परातीएवढी लावा, कॅलिपरला लाल रंग द्या, अंतर तेवढंच राहतं.

मग खऱ्या रेसिंग गाडीला एवढे मोठे ब्रेक कशाला? उष्णतेसाठी. दीड हजार किलोची गाडी ताशी 200 वरून थांबवली, तर ब्रेकना साधारण 23 लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्यात सात लिटर पाणी उकळीला येईल. हे वळणामागून वळण, लॅपमागून लॅप. लहान ब्रेक पहिल्यांदा झकास लागतो, दहाव्यांदा लागत नाही. खंबाटकीचा घाट उतरताना त्याचे वडील बस खालच्या गिअरवर का ठेवायचे, ते त्याने त्या दिवशी सांगितलं. सतत पाय ठेवून उतरलं तर लायनर तापतात. मग पेडल तेच, पाय तोच, पण गाडी ऐकत नाही.

आमच्या गेममधली सगळ्यात लांब रेस 90 सेकंदांची होती. ब्रेक तापणार कधी? आणि ते तापतच नसतील, तर मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग आमच्या गेममध्ये शिल्लकच नव्हता. दुकानात मात्र तीन लेव्हल मांडून ठेवलेल्या.

मला एकदम शाळेतले दिवस आठवले. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ खेळायचो, 2005 चा तो गेम. तिथेही ब्रेक विकत मिळायचे, पण गाडीच्या माहितीत पट्ट्या तीनच: टॉप स्पीड, ॲक्सिलरेशन, हँडलिंग. ब्रेकची वेगळी पट्टी नव्हती. तेव्हा कधी प्रश्न पडला नाही. आता वाटतं, त्यांच्याकडेही एखादी अशीच मीटिंग झाली असेल.

आम्ही आधी सरळ मार्ग धरला. सगळ्या गाड्यांना गुपचूप एबीएस दिलं. चाकं जाम होणं बंद झालं, माझं तिकीटही बंद झालं. पण आता लेव्हल 1, 2 आणि 3 यांत काडीचा फरक राहिला नाही. प्रोड्यूसर म्हणाला, “लोक नाणी मोजणार आणि हातात काहीच पडणार नाही?”

साताऱ्याच्या मुलाचं म्हणणं, मूळचा ब्रेक मुद्दाम कमजोर ठेवू. टायरची पकड पुरती वापरू न शकणारा. मग अपग्रेड घेतल्यावर जो फरक पडेल तो खराखुरा असेल. ही मला आजही सगळ्यात प्रामाणिक युक्ती वाटते. पण नवा माणूस गेम उघडणार, पहिल्याच वळणाला ब्रेक दाबणार, गाडी थांबणार नाही, आणि तो गेम काढून टाकणार. दुकानापर्यंत पोचायला तो थांबेल कशाला? युक्ती बाद.

मग ॲनिमेशनवाल्या मुलीने गंमत केली. ब्रेकचा जोर तोच ठेवला. फक्त लेव्हल 3 मध्ये ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक थोडं जास्त खाली जाईल, कॅमेरा किंचित पुढे झुकेल आणि टायरचा आवाज जरा कर्कश येईल, एवढं केलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या ऑफिसला ते बिल्ड खेळायला दिलं, काय बदललं ते न सांगता. अकाउंट्समधले काका म्हणाले, “आता गाडीला लगाम आला!” मी अंतर मोजत बसलो होतो. थांबायचं अंतर एका मीटरनेही बदललं नव्हतं. आम्ही हसून हसून लोळलो. साताऱ्याचा मुलगा हसला नाही. “ही फसवणूक आहे,” एवढंच म्हणाला, आणि ते खरंच होतं.

शेवटी जे केलं तीही लबाडीच, पण मोजता येणारी. ब्रेक दाबलेला असेल तेवढ्याच वेळेपुरती टायरची पकड वाढवायची: लेव्हल 1 ला 3 टक्के, 2 ला 6, 3 ला 10. बोट उचललं की पकड पूर्ववत.

10 टक्के ऐकायला भरघोस वाटतात. घर्षणांक 1 असताना ताशी 200 वरून 80 वर यायला 132 मीटर लागतात. 10 टक्के पकड वाढली की 120. म्हणजे 12 मीटर उशिरा ब्रेक मारता येतो. आणि त्या वळणावर वेळ किती वाचतो? सेकंदाचा दहावा भागही नाही. वेळेच्या हिशेबात इंजिनपुढे हे चिल्लरच. मात्र 12 मीटर म्हणजे जवळजवळ तीन गाड्यांची लांबी. पुढच्याने ब्रेक मारला, तुम्ही नाही मारला, आणि आतल्या बाजूने नाक घातलं: ब्रेकची खरी किंमत तिथे वसूल होते. एकट्याने लॅप मारणाऱ्याला ती कळत नाही.

पण ही वाढीव पकड आमच्या बॉटना कुणी कळवलीच नव्हती. संगणकाच्या गाड्यांची ब्रेक मारायची जागा मूळच्या ब्रेकवर ठरवलेली. खेळाडू सवयीने जुन्याच जागी ब्रेक मारायचा, नव्या ब्रेकमुळे आधीच हळू व्हायचा, आणि मागून येणारा बॉट धाडकन त्याच्या डिकीत. एका दिवसात माझी सोळा तिकिटं. सगळ्यांचा मथळा एकच: ‘चांगला ब्रेक घेतल्यावर मागून ठोकतात.’ मग खेळाडूच्या अगदी मागे असलेल्या बॉटलाही तेवढीच चोरटी पकड दिली.

ज्या स्टुडिओंकडे वेळ आणि फिजिक्स दोन्ही आहे, त्यांना एवढी लपवाछपवी करावी लागत नाही. ‘फोर्झा’मध्ये रेस ब्रेक घेतले की पुढच्या-मागच्या चाकांत जोर कसा वाटायचा आणि एकूण दाब किती ठेवायचा, हे स्वतः ठरवता येतं. मला तर त्या ब्रेकचा खरा माल तोच वाटतो. ‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझोने’त चार प्रकारचे पॅड आहेत, कोरड्यात जोरात लागणारे वेगळे, चोवीस तास टिकणारे वेगळे, पावसाचे वेगळे. वारा घेणारे डक्ट किती उघडे ठेवायचे तेही तुम्हीच ठरवायचं. तिथे ब्रेक तापतो, झिजतो, म्हणून तिथे ब्रेकला अर्थ आहे. आणि ‘ग्रान टुरिस्मो 7’ मध्ये पीएस 5 च्या कंट्रोलरचं डावं ट्रिगर बोटाला विरोध करतं, एबीएस सुरू झालं की थरथरतं. काचेवरच्या बटणाशी झगडलेल्या माणसाला ते पहिल्यांदा बोटाखाली आलं तेव्हा काय वाटलं असेल, विचारू नका. मी दोन लॅप नुसताच ब्रेक मारत होतो.

तुमच्या गेममध्ये काय शिजवलंय ते तपासायचं असेल तर सोपं आहे. एबीएस चालू ठेवा, टायर बदलू नका. सरळ रस्त्यावर 200 वरून पूर्ण थांबा आणि अंतर बघा. मग ब्रेक विकत घ्या आणि तिथेच पुन्हा थांबा. अंतर कमी झालं, तर एकतर मूळचा ब्रेक मुद्दाम दुबळा ठेवलाय, नाहीतर कुणीतरी तुमच्या टायरला चोरून पकड दिली आहे. झालंच नाही, आणि तरीही गाडी जास्त जोरात थांबल्यासारखी वाटली, तर नाक किती खाली जातंय ते बघा. नाणी कमी असतील तर आधी टायर घ्या.