शोककाव्य कसें वाचावें

खुलताबादचें नांव निघालें कीं औरंगजेबाच्या साध्या कबरीची आठवण होते. परंतु दौलताबाद व वेरूळ यांच्या मधल्या या लहानशा गांवीं एक कविहि चिरविश्रांति घेत आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. त्याचें नांव अमीर हसन सिजझी. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास दौलताबादेस राजधानी केली, तेव्हां दिल्लीचा हा फार्सी गझलकार दक्षिणेंत आला आणि येथेंच मातीस मिळाला. शोककाव्याचें मर्म कळण्यास त्याच्या तारुण्यांतील एक प्रसंग फार उपयोगी आहे.

सुलतान बल्बनाचा थोरला पुत्र शाहजादा महंमद हा मुलतानचा सुभेदार होता. १२८५ सालीं मोंगोलांशीं लढतांना तो ठार झाला. हसन व त्याचा मित्र अमीर खुस्रो हे दोघेहि त्याच्या पदरीं होते. राजपुत्र मोठा रसिक. शिराझच्या वृद्ध सादीलाहि त्यानें निमंत्रण धाडलें होतें. दोघां मित्रांचें दुःख एकच. पण खुस्रोनें तें पद्यांत मांडलें, हसननें गद्यांत.

प्रथम रूप पाहूं. खुस्रोनें 'तरकीबबंद' हा प्रकार निवडला. त्यांत एकाच यमकाच्या द्विपदींचें एक कडवें होतें, निराळ्या यमकाच्या एका द्विपदीनें तें मिटतें, आणि पुढील कडव्यास नवें यमक लागतें. शोकास ही चौकट मानवते. कारण दुःखहि उसळतें, क्षणभर थांबतें आणि पुन्हां दुसऱ्या बाजूनें उसळतें. पहिल्या कडव्यांत 'प्रकट होणें' या अर्थाची एकच क्रिया द्विपदीमागून द्विपदींत अखेरीस येते. जो कायमचा दिसेनासा झाला, त्याच्या शोकांत वारंवार प्रकट होतें तें केवळ अरिष्ट!

आतां सूर. खुस्रो आरंभीं आक्रोश करीत नाहीं. घडलें त्यास म्हणावें तरी काय, असा प्रश्न करतो. विश्वास न बसणें ही शोकाची पहिली पायरी होय. गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेंतील माता मृत बालकास निजलेलें समजते. जें ती मानीत नाहीं तें वाचकास ठाऊक असतें, म्हणूनच त्याचें हृदय पिळवटतें. हसनचा सूर याहून निराळा. दैवाच्या चंचलपणाला दोष देऊन तो त्या घातवाराची हकीकत क्रमानें सांगतो. ज्या घरीं मृत्यु झाला तेथील माणसें येणाऱ्या प्रत्येकास शेवटच्या दिवसाचा वृत्तांत अशीच सांगत बसतात.

राहिला अर्थ. आश्रयदात्यावर रचलेला हा विलाप खरा कीं दरबारी, अशी शंका येते. आकाशाला दोष देणें हा तर ठराविकच संकेत. पण आपल्या साहित्यशास्त्रानें शोक व करुण यांत भेद केला आहे. शोक हा स्थायीभाव, ज्याचा त्यालाच जाळणारा. करुण हा रस, सर्वांना वाटून घेतां येणारा. इतिहासकार बरनी सांगतो कीं, बल्बन दिवसा नेहमींप्रमाणें दरबार भरवी आणि रात्रीं पुत्रासाठीं विलाप करी. दरबाराच्या रीतीनें राजाचा शोक केवळ झांकला. काव्याच्या रीतीनें तोच शोक परक्यांपर्यंत पोंचविला. तेव्हां संकेत आहे एवढ्यावरून भावना खोटी ठरत नाहीं.

खऱ्याखोट्याची कसोटी दुसरी आहे. काव्यांतील मृताचें नांव काढून तेथें दुसरें घालून पाहावें. विलाप जसाच्या तसा लागू पडला, तर तो पोकळ समजावा. हसनच्या गद्यांत असें करतां येत नाहीं. तेथें तोच दिवस आहे, तीच लढाई आहे आणि पडलेला माणूसहि तोच आहे.