एक विकर नसेल तर? उंदरांकडून मिळालेली उत्तरे



जनुकात बदल झाला की आजार होऊ शकतो, हे आपण ‘आनुवंशिकता’ या पाठात शिकतो. पण त्यामुळे शरीरात नेमकं काय बिघडतं? आणि ते समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ उंदीर का पाळतात? चला, एका आजाराच्या उदाहरणातून बघूया.

विकराचे काम

एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर घडवून आणणारी प्रथिने म्हणजे विकरे, म्हणजेच एन्झाइम. विकर कसे बनवायचे याची माहिती जनुकात असते. जनुक बिघडले की विकर बनत नाही किंवा नीट काम करत नाही. मग दोन गोष्टी होतात : आधीचा पदार्थ साचतो आणि पुढचा पदार्थ कमी पडतो. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

पीकेयू हा आजार

दूध, डाळी, अंडी यांतील प्रथिनांतून आपल्याला फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल मिळते. यकृतातील एक विकर त्याचे टायरोसिन बनवते. हे विकर नसेल तर फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साचते आणि बाळाच्या मेंदूला इजा करते. टायरोसिनपासून केसांचा रंग बनतो, म्हणून या मुलांचे केस बहुधा फिके असतात. १९३४ मध्ये नॉर्वेचे डॉ. फोलिंग यांनी दोन भावंडांची लघवी तपासून हा आजार ओळखला. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

उंदीरच का?

बाळावर प्रयोग करून बघता येत नाहीत. उंदरातही हेच विकर आणि त्याचे जनुक असते. शिवाय उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, त्यामुळे अनेक पिढ्या लवकर पाहता येतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ईएनयू हे रसायन देऊन उंदरांच्या जनुकांत उत्परिवर्तने घडवली गेली. त्यांच्या वंशातून फेनिलअ‍ॅलनिन साचणारे उंदीर निवडले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीकेयूचा उंदीर मिळाला.

आता गंमत बघा. या उंदरांचे केसही फिके! उपचार लागू पडला की नवे केस गडद येतात. म्हणजे उपचाराचा परिणाम नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

या उंदरांवर आधी तपासलेले एक औषध २०१८ मध्ये अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी मान्य झाले. त्यात जीवाणूतील एक वेगळेच विकर आहे. ते टोचले की रक्तातले फेनिलअ‍ॅलनिन मोडते.

पण उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे!

लेश-नायहान या आजारात दुसरे एक विकर नसते. मुले स्वतःचे ओठ आणि बोटे चावतात. १९८७ मध्ये तेच विकर नसलेले उंदीर तयार झाले, पण ते तसे वागलेच नाहीत. उंदरांत युरिक आम्ल मोडणारे विकर असते, माणसात नसते. म्हणून दोघांच्या शरीरातला हिशोब वेगळा. मेंदूतला फरक मात्र फक्त यातून उलगडत नाही. म्हणून उंदरात जमले म्हणजे माणसात जमेलच, असं धरून चालत नाही. माणसांवर काळजीपूर्वक चाचण्या कराव्याच लागतात.

हे आपल्याला का माहीत हवं?

पीकेयू जन्मानंतर लगेच ओळखता येतो. बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतले की पुरे. पहिल्या काही दिवसांतच फेनिलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार सुरू केला, तर मेंदू वाचतो. उशीर झाला तर झालेली हानी सहसा भरून येत नाही. एवढा फरक फक्त वेळेचा आहे, बरं का!

विचार करा :
१. पीकेयूच्या उंदरांचे केस फिके का असतात?
२. आई-वडील निरोगी असूनही बाळाला पीकेयू कसा होऊ शकतो? तक्ता काढून दाखवा.
३. उंदरावर यशस्वी झालेले औषध थेट रुग्णाला का देत नाहीत?