व्यावसायिक कबड्डी संघाचा एक हंगाम : पुणेरी पलटण (२०२३-२४) आणि खेळाडूच्या वेळेचा प्रश्न

प्रस्तावना

कबड्डी कशी खेळतात हे जालना जिल्ह्यातील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांत जत्रा-उरुसाच्या निमित्ताने आजही मातीचे मैदान आखले जाते, रात्री उशिरापर्यंत सामने चालतात आणि विजेता संघ ढाल घेऊन पहाटे गावी परततो. अशा स्पर्धेचे आयुष्य एक-दोन रात्रींचे असते. व्यावसायिक संघाचा 'हंगाम' ही मात्र आपल्याकडे तुलनेने नवी गोष्ट आहे. दूरचित्रवाणीवर सामना पाहणारा विद्यार्थी चढाई आणि पकड यांची चर्चा मोठ्या बारकाईने करतो. परंतु संघ उभा कसा राहतो, गुणतक्ता कसा तयार होतो आणि मुख्य म्हणजे खेळाडूच्या वेळेची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न त्याच्या चर्चेत सहसा येत नाहीत. प्रस्तुत लेखात प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामातील (डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४) पुणेरी पलटण या संघाच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

वेळेची किंमत : एक जुना वाद

खेळाडूच्या वेळेचा प्रश्न कबड्डीपुरता मर्यादित नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडातील रग्बीच्या इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडातील रग्बी संघांमध्ये खाणकामगार व गिरणी कामगार मोठ्या संख्येने खेळत. सामना शनिवारी असे आणि शनिवारी कामही असे. खेळायला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. बुडालेली मजुरी संघाने भरून द्यावी, ही उत्तरेकडील संघांची मागणी होती. दक्षिणेकडील सुखवस्तू वर्गाचे वर्चस्व असलेल्या संघटनेने ती फेटाळली. खेळ हा हौसेचाच असला पाहिजे, असा तिचा आग्रह होता. ज्याला मजुरीची चिंता नाही त्याला असा आग्रह धरणे सोपे जाते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील संघांनी वेगळी संघटना स्थापन केली. प्रारंभी तिने बुडालेल्या दिवसापोटी सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास मान्यता दिली. पुढे १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ झाला आणि 'रग्बी लीग' हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. मूळ संघटनेच्या रग्बीने, म्हणजे रग्बी युनियनने, खेळाडूंना उघडपणे मानधन देण्यास १९९५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, मान्यता दिली. रग्बी लीगची आजची सर्वोच्च स्पर्धा 'सुपर लीग' १९९६ मध्ये सुरू झाली.

या खेळाचे कबड्डीशी असलेले साम्यही कुतूहलजनक आहे. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसणे आणि एकट्याला अनेकांनी मिळून धरणे, हा दोहोंचा गाभा आहे. रग्बी लीगमध्ये एका संघाची सहा वेळा पकड झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. वेळकाढूपणाला लगाम घालण्याची ही एकाच धाटणीची युक्ती म्हणता येईल.

महाराष्ट्रात खेळाडूच्या वेळेचा प्रश्न नोकरीच्या मार्गाने सोडविला गेला. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांसारख्या आस्थापनांनी कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या आणि अशा संघांच्या बळावर हा खेळ अनेक दशके तगला. ही व्यवस्था चांगली होती, तथापि ती नोकरीपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूसाठी होती. नोकरी मिळण्यापूर्वीची चार-पाच वर्षे, म्हणजे साधारणतः महाविद्यालयीन वर्षे, कोणाच्या खर्चाने काढावयाची हा प्रश्न तसाच राहिला. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे लोकांनी प्रकाशझोत, मॅट आणि लिलाव यांच्या कौतुकाने पाहिले. माझ्या मते तिचा खरा वेगळेपणा असा की, नोकरीत नसलेल्या तरुणाच्या वेळेला प्रथमच करारात लिहिलेली किंमत आली. दहाव्या हंगामाच्या लिलावात सर्वांत खालच्या 'ड' गटाचीही आधारभूत किंमत ९ लाख रुपये होती.

संघाची बांधणी

लीग आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ पासून बारा संघ आहेत. पुणेरी पलटण पहिल्या हंगामापासूनचा संघ. त्याचा प्रारंभ मात्र अत्यंत निराशाजनक होता. पहिल्या दोन्ही हंगामांत तो तळाशी राहिला. त्याच काळात यू मुंबाने २०१५ चे विजेतेपद पटकावले, त्यामुळे पुण्याच्या पाठीराख्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल गेली, परंतु अंतिम फेरीसाठी डिसेंबर २०२२ उजाडावा लागला. तो नववा हंगाम. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने पुण्याचा ३३-२९ असा पराभव केला. त्या सामन्यात अस्लम इनामदार व मोहित गोयत हे दोन प्रमुख चढाईपटू दुखापतीमुळे खेळू शकले नव्हते.

येथे संघ-व्यवस्थापनाचा निर्णय समजून घेण्यासारखा आहे. अंतिम सामना हरल्यानंतर संघ मोडून नव्याने बांधण्याचा मोह होतो. पुण्याने तसे केले नाही. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे चढाईपटू आणि अभिनेष नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत हे बचावपटू कायम ठेवण्यात आले. प्रशिक्षकही बी. सी. रमेश हेच राहिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये विजेतेपद मिळविले होते. कर्णधारपद अस्लमकडे आले. अस्लम श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा, म्हणजे जालन्याहून फार दूरच्या नव्हे अशा ग्रामीण भागातला खेळाडू. तो आणि आकाश शिंदे ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझाऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असे हरविले होते.

त्याच इराणी संघातील मोहम्मदरेझा शादलू या बचावपटूला पुणेरी पलटणने काही दिवसांतच लिलावात २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. विदेशी खेळाडूला तोपर्यंत मिळालेली ही सर्वाधिक किंमत होती. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी त्या वर्षी ५ कोटींची मर्यादा होती. म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एका माणसावर खर्च झाली. वरवर पाहता हा जुगार वाटतो. परंतु उर्वरित संघ बहुतांशी तरुण आणि आधीच करारबद्ध असल्याने इतकी रक्कम हाताशी उरली होती. स्वस्तात घडविलेल्या अनेकांच्या जोरावर एक महागडा खेळाडू परवडला, असा या हिशेबाचा अर्थ आहे. तरुणांच्या कमी किमतीचा लाभ येथे प्रामुख्याने संघाला झाला, हेही नमूद केले पाहिजे.

गुणतक्त्याचे गणित

दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादमध्ये सुरू झाला आणि बाराही संघांच्या घरच्या शहरांतून फिरला. पुण्याचे सामने बालेवाडी येथे झाले. प्रत्येक संघ इतर अकरा संघांशी प्रत्येकी दोनदा, म्हणजे २२ सामने खेळला. साखळीत एकूण १३२ सामने झाले. विजयासाठी ५ गुण, बरोबरीसाठी ३ गुण आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने पराभव झाल्यास १ गुण, अशी पद्धत होती.

पुणेरी पलटणने १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडविले, २ गमावले आणि ९६ गुणांसह पहिले स्थान मिळविले. हे गणित वाचकाने स्वतः करून पाहावे. १७ विजयांचे ८५, ३ बरोबरींचे ९, बेरीज ९४. उरलेले दोन गुण दोन पराभवांतून आले. याचाच अर्थ, संपूर्ण साखळीत पुणेरी पलटण एकाही सामन्यात सातपेक्षा अधिक गुणांनी हरली नाही. दुसऱ्या क्रमांकावरील जयपूरचे १६ विजय, ३ बरोबरी, ३ पराभव व ९२ गुण होते. तेथेही तीनही पराभव निसटते होते, हे त्याच रीतीने काढता येते. गुणतक्त्याची एक ओळ संघाच्या स्वभावाविषयी किती सांगू शकते, याचे हे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो.

हा एक गुण तेव्हा खेळाची रीतही बदलत असे. गावच्या स्पर्धेत पंधरा गुणांनी मागे पडलेला संघ मनाने सामना सोडून देतो. लीगमध्ये तेव्हा शेवटच्या मिनिटात पराभवाचा फरक आठवरून सातवर आणण्यासाठीही चढाई निकराने केली जाई, आणि पुढे असलेला संघ लोण टाळण्यासाठी तितकाच जागरूक राही.

तक्ता आणि अंतिम सामना

तक्त्यात पहिला आलेला संघ विजेता ठरत नाही. पहिले दोन संघ तेव्हा थेट उपांत्य फेरीत जात. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो, असा त्या हंगामाचा नियम होता. इंग्लंडच्या सुपर लीगमध्येही तक्त्यातील अव्वल संघाला वेगळी ढाल मिळते, विजेता मात्र अंतिम सामन्यातूनच ठरतो. २०११ मध्ये लीड्सचा संघ तक्त्यात पाचवा असूनही विजेता ठरला होता. तसा धोका पुण्यापुढेही उभा राहिला. पाचव्या क्रमांकावरील हरियाणा स्टीलर्सने प्रथम गुजरातला ४२-२५ आणि उपांत्य फेरीत जयपूरला ३१-२७ असे हरविले. पुण्याने पाटणा पायरेट्सवर ३७-२१ अशी मात केली.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली येथील बंदिस्त मैदानात अंतिम सामना झाला. दोन्ही बचावफळ्या इतक्या सावध होत्या की प्रारंभी गुण मिळणे दुरापास्त झाले. पूर्वार्ध संपत आला असता पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळविले आणि मध्यंतराला पुणे १३-१० असे आघाडीवर गेले. मध्यंतराचे तीन गुणांचे अंतर शेवटीही तेवढेच राहिले : २८-२५. बावीस सामन्यांत मिळविलेले वर्चस्व अखेर चाळीस मिनिटांत आणि तीन गुणांवर तरले. अस्लम हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला, शादलू सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. विजेत्या संघाचे पारितोषिक ३ कोटी रुपयांचे होते.

पुढील वर्षी शादलू हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने विजेतेपद मिळविले, तेही पुण्यात, बालेवाडीला. त्या हंगामात पुणेरी पलटण पहिल्या सहा संघांतही नव्हती. २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. करार ठरावीक मुदतीचा असतो, मुदत संपली की बांधलेला संघ विखुरतो.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात

पुण्याच्या यशाचा विचार जालन्यातून करताना १८९५ मधील खाणकामगार वारंवार आठवतो. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. महाविद्यालयीन स्पर्धांचा काळ व तोडीचा काळ पुष्कळदा एकच असतो. शारीरिक क्षमता नसल्याने संघाबाहेर राहिलेला विद्यार्थी मी क्वचितच पाहिला आहे. कोयता घेऊन गेल्याने संघाबाहेर राहिलेले अनेक पाहिले आहेत. दहाव्या हंगामाचा अंतिम सामना आमच्या एका उत्तम चढाईपटूने फडाजवळच्या कोपीत, मोबाईलवर पाहिला. परत आल्यावर पंकज मोहितेची ती चढाई त्याने मला मैदानावर पावलापावलाने करून दाखविली.

त्यानंतरच्या वर्षी त्याला भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून जावे लागू नये, त्याच्या वाट्याची उचल घ्यावी लागू नये, यासाठी आम्ही काही प्राध्यापकांनी वर्गणी काढली. रक्कम मोठी नव्हती. घरच्यांची समजूत घालण्यासाठी मात्र तीन वेळा वस्तीवर जावे लागले. त्याची आई म्हणाली, "सर, खेळून काय मिळतं ते सांगा, मग ठेवते." माझ्याजवळ त्या वेळी नऊ लाखांचा आकडा होता, तो मी सांगितला नाही. मुलगा राहिला, सराव केला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळला. दुसऱ्या फेरीत आम्ही चार गुणांनी हरलो. प्रो कबड्डीच्या तेव्हाच्या तक्त्यात अशा पराभवाचा एक गुण मिळाला असता. या स्पर्धेत तो मिळत नाही.